रेडिओवरची पाच मिनिटं

२ मे
ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, असं सवयीने लिहिते. इथल्या सरकारने शिष्यवृत्ती देऊन आणलं, चार वर्षं प्रत्येक समारंभात पुढच्या रांगेत बसवून फोटो काढले. आम्ही म्हणे दोन देशांच्या मैत्रीचा पूल! आता दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि पुलावर लटकलोय आम्ही. आपल्या वकिलातीने सगळ्यांना तीस तारखेच्या विमानाने परत बोलावलंय. जो राहील त्याला पुन्हा मायदेशी येता येणार नाही. इथले संचालक मात्र गोड बोलून म्हणाले, की मी रेडिओवर पाच मिनिटं आपल्या भाषेत आपल्या सरकारविरुद्ध बोलले, तर डॉक्टर होईपर्यंत राहता येईल. एकच वर्ष उरलंय. काय करू? दादाला म्हणावं, माझ्या सायकलला हात लावू नकोस.

लोभात ठेवा,
तुमची बडबडी

१४ मे
चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. काल सदऱ्याला बाही उलटी शिवली, गिऱ्हाइकाने दुकान डोक्यावर घेतलं. तुझी आई म्हणते, डॉक्टरकी गेली खड्ड्यात, पोर घरी येऊ दे. मी म्हणतो, एका वर्षासाठी सगळं पाण्यात का घालायचं? दादा सरकारी जीप चालवतो. साहेबाने त्याला बोलावून तुझी चौकशी केली. माझं व्हायचं ते होवो म्हणतो, पण धड जेवला नाही. बाळ, मला काही सुचत नाही. तुला ठीक वाटेल ते कर. आमची माया कमी व्हायची नाही.

तुझे बाबा

२९ मे
ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

विमान उद्या आहे. मी येत नाही. आज बोलून आले. मी लिहिलेलं त्यांनी ठेवलंच नाही, दुसराच कागद हातात दिला. माझे आईवडील भित्रे आहेत, असंही त्यात होतं. आवाज घोगरा झाला, तरी वाचलं. दादाचं काय होईल? रागवा, पण लिहा.

बडबडी

१० जुलै
चि. बडबडीस आईचे आशीर्वाद.

दादाला घरी बसवलंय. तो तुला दोष देत नाही. शेजारचं कुणी आपली पायरी चढत नाही. तुझं पत्र फोडलेलं आलं. यापुढे तिकडची पत्रं येणारच नाहीत, असं पोस्टमन म्हणाला. हे एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या हाती पाठवतेय, पोचेल का कोण जाणे.

त्या संध्याकाळी रेडिओवर तू लागलीस. बाबा बंद करायला उठले, मी त्यांचा हात धरला. तू आम्हाला भित्रे म्हणालीस, मी कान लावून ऐकत राहिले. सर्दी झाली होती ना तुला? चार वर्षांनी आवाज ऐकला गं.

रोज त्या वेळी लावते, अगदी हळू. तिथल्या लोकांना सांग, अजून वाचीन म्हणून. आम्हाला वाट्टेल ते बोल, पण बोल.

तुझी आई