उरलेला गुंडा

आये,

परवा ट्रंक उन्हात टाकली आणि तुझ्यावर पुन्हा चिडले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग काही जुना होत नाही.

भिसेगावच्या आपल्या घरात तो स्वेटर मी एकटीने विणला होता. लोकर बाबांनी शिळफाट्याच्या बाजारातून आणलेली, हिरवी. सुया शेजारच्या बाईंच्या. पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला होता आणि तिथली थंडी आपल्या कर्जतसारखी नसते, हे बाईंनी बजावलं होतं. जायच्या आठवड्यात मी विहिरीवरून येते तर तू ओट्यावर बसलेली, मांडीवर माझा स्वेटर, अर्धा उसवलेला. दादाच्या बाळाला स्वेटर आणि टोपरं करायचं होतं तुला.

"हात पुढं कर गं, लड करायचीय."

"आये, अगं मी काय घालू तिकडं?"

"तुला विणता येतं, तू दुसरा विणशील. लेकराच्या कानात वारं गेलं मंजे? तुला गोधडी हाय की."

माझ्याच हातांवर माझाच स्वेटर गुंडाळलास तू! दादाला कारखान्यात पगार होता. लोकर घ्यायला त्याचे हात कुणी बांधले होते? त्याला नाही विचारलंस. घरात काही कमी पडलं की तुझी नजर माझ्याकडे वळायची, कारण मी देणार हे तुला ठाऊक होतं.

उसवलेली लोकर शेवयांसारखी वळलेली असते. तू ती रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवलीस, न पिळता हलकेच दाबलीस, मग सावलीत टांगून खाली तांब्या बांधलास, म्हणजे वळ निघतात. लोकरीला केवढं जपत होतीस! मी कोपऱ्यात रडत होते, आणि तू तांब्या नीट लोंबतोय का ते बघत होतीस. बाळाला तो स्वेटर पुढच्या थंडीत आखूड झाला.

गोधडी पांघरून वर्गात बसता येत नाही, आये. मी पदर दुहेरी करून बसायचे आणि मुली विचारायच्या, स्वेटर नाही का तुला?

तिथे ट्रंक उपसली तर तळाशी, कडुनिंबाच्या पाल्यात, उरलेल्या लोकरीचा गुंडा. न सांगता ठेवलेला. एका बाहीलाही पुरला नसता. ही काय भरपाई होती? मी तो फेकायलाच निघाले होते.

पुढे हातात पगार आला, घरादाराला स्वेटर विणून दिले. त्या गुंड्याचा एक टाकाही घातला नाही. हे पत्र आता त्याच्याच खाली ठेवते, कुठं धाडणार? कसर लागून त्याचा भुगा झाला असता तर मी एकदाची सुटले असते. पण दर ऑक्टोबरला मीच त्याला ऊन दाखवते आणि ताजा पाला घालते.