सृष्टीची फुंकणी

१९ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ६.१०
माझी लेक सृष्टी खाटेवर उभी राहून नळीत फुंकते आहे, मी काटा बघतो आहे. तीनदा फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. श्वास किती जोराने बाहेर पडतो ते कळतं. सोनईच्या डॉक्टर मॅडमनी नळी दिली. आम्ही तिला फुंकणी म्हणतो. "आकडा दोन वेळा लिहा. त्या दिवशी आसपास काय झालं तेही लिहा," म्हणाल्या. मी नववीपर्यंतच शिकलो. असं काम मला पहिल्यांदाच कुणी विश्वासाने दिलं.
आज १६०. सहा वर्षांच्या मुलीला चांगला.

२३ जानेवारी, गुरुवार
सकाळी १५५, संध्याकाळी ११०. छातीत शिट्टी वाजते. श्वासाचा पंप दिला. — ओढ्यापलीकडे ऊस तुटून गेला, दुपारी वाळल्या पानांचं पाचट पेटवलं. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख.

३ फेब्रुवारी, सोमवार
पुन्हा ११५. पुन्हा पाचट, या वेळी वरच्या वस्तीला. वही पहिल्यापासून तपासली, दोनदा. आकडा पडला त्या प्रत्येक दिवशी कुणीतरी पाचट पेटवलेलं.
आमच्या घराला लागून सूर्यभान तात्यांचा दोन एकर ऊस आहे. मध्ये फक्त बांध. तोडणीची टोळी पुढच्या आठवड्यात येणार. तात्या दरवर्षी पेटवतात.

५ फेब्रुवारी, बुधवार
तात्यांकडे जायचं ठरवलं. गेलो नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार
काय बोलायचं ते लिहून काढलं. गेलो नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
गेलो. तात्या माझे चुलते. वडील गेल्यावर त्यांनीच आम्हाला सांभाळलं, म्हणून तोंड उघडत नव्हतं. सृष्टी बरोबर होती. वही पुढे केली. तात्यांनी बघितलीसुद्धा नाही.
"मंग पाचटाचं काय लोनचं घालू? खोडव्याला बुडख्यातनं फुटवा कसा यायचा?"
म्हटलं, बारीक करून सरीत पसरू. ओल टिकते. मी करतो सगळं.
"वाल्मिकशेठ, वही लिहून खुरपं धराया सवड हाय का तुमाला?"
काकी हसल्या. तेवढ्यात सृष्टीने फुंकणी तात्यांच्या हातात दिली. "तात्या, तुमी फुंका."
"चिलमीवानी वढायची का?"
"वढायची न्हाई. फुंकायची."
फुंकले. १५०. परत फुंकले, १४०. मग खोकला थांबेना.
"माज्यापेक्षा कमी हाय," सृष्टी म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.
"माजं किती पायजे?" तात्यांनी मला विचारलं. मॅडमकडच्या तक्त्यात बघितलं होतं — चारशेच्या वर. सांगितलं.
फुंकणी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "तीस वरसं त्या धुरात उभा ऱ्हायलोय. आग बांध वलांडू न्हाई म्हनून."

१३ फेब्रुवारी, गुरुवार
टोळी गेली. तात्यांनी पाचट कुट्टीचं मशीन आणवलं. मी आणि बायको दिपाली दिवसभर सऱ्यांत पाचट ओढत होतो. तात्या तोंडाला उपरणं बांधून बांधावर बसले होते आणि पाचटाला शिव्या घालत होते. माझे दोन्ही हात कापलेत. तरी किती बरं वाटतं आहे! या माणसाचे उपकार आधीच फिटत नव्हते.
संध्याकाळी १६०.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मॅडमकडे गेलो. तात्याही आले. त्यांनाही पंप सुरू झाला. मॅडमनी माझी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली. म्हणाल्या, "तुमच्यामुळे दोघांचा आजार सापडला." 
सृष्टीला पहिल्यांदा त्रास कधी झाला, त्याची तारीख मॅडमना हवी आहे. म्हटलं, गेल्या वर्षी, गारेगार खाल्ल्यावर. जुनी रोजनिशी बघून सांगतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
सापडली. ९ मार्च २०२४. अक्षर माझंच. "दुपारी ३ वाजता मी आपल्या रानातलं पाचट पेटवलं. वारा घराकडे. संध्याकाळी सृष्टीला धाप. गारेगार खाल्लं होतं."
पान दिपालीपुढे धरलं. तिने वाचलं नाही. म्हणाली, "तुमी आकडे तपासाया लागला, त्याच दिशी मला ही आग आठवली हुती. तवाच सांगितलं असतं तर तुमी सवताला खात बसला असता. मंग तात्यांकडं कोन गेलं असतं?"