रामकिसनच्या कानावरची हळद

नागपूर, मंगळवार

माय, तुह्या पायावर मनकर्णाचं डोस्कं.

लिवनं चुकलं तं रागावू नको. शाळा चौथीतच सुटली, हात हळूहळू चालते.

माह्या रामकिसनले त्याच्या बाचं रगत देलं. त्यानं फरक पडला का, हे पाहाले डॉक्टर कानाच्या पाळीले सुई टोचते अन् रगत थांबेपरेंत कागदानं टिपत राह्यते. पयले ते थांबेच ना, म्हून तं बाचं रगत देलं. आज टोचलं, तं माह्या चुलतसासूनं, चतुराकाकूनं, पाळीवर चिमटभर हळद दाबली! तपासनी वाया गेली, डॉक्टर लई चिडला.

काकू म्हने, "पाहा, माह्या हळदीनंच थांबलं."

तिचे तंबाखूचे बोटं, त्यावर पोराचं रगत. तोंडावर बोलता नाई आलं, म्हून तुले लिवतो.

पोराले दुसऱ्या कानाले पुन्हा टोचलं. रडला बिचारा. पन हळदीबिगर लवकर थांबलं, माय!

तुही कंबर कशी हाये?

अन् एक गंमत, माह्या देरानं, उकंडरावानं, मिशा काढल्या.

तुही मनकर्णा