रविवारचा चेहरा

उज्जू,

समोरासमोर दारं असलेल्या बायका एकमेकींना पत्रं लिहीत नाहीत. तुला जे सांगायचं ते मी इतकी वर्षं तुझ्या दारात उभं राहून सांगितलं, बहुतेक वेळा हातात विरजणाची वाटी घेऊन. आता ते दार तुझी केतकी उघडते. म्हणून हे लिहिणं. शिवाय मला तुझ्याशी कडकडून भांडायचंय.

मंगळवारी मी तुला दिलेला शब्द मोडला. तुझ्या लेकीला सगळं सांगितलं. तुझ्या किडन्या, डायलिसिस, आपण दोघींनी दीड वर्षं चालवलेलं नाटक, सगळं. डोळे वटारू नकोस. आधी ऐक.

तो खोका आठवतो का गं? केतकीनं कॅनडाहून पाठवलेला. आत ते पांढरं मशीन, साबणाच्या वडीएवढं, पुढे दोन चकचकीत गोळे. चेहऱ्याला अगदी बारीक करंट देतं, ओघळलेली कातडी वर उचलतं, सूज उतरवतं म्हणे. सोबत बाटल्यांची पलटण. ‘आई, कॉलवर सकाळी तुझे डोळे किती सुजलेले दिसतात! हे रोज वापर.’ साठीला टेकलेल्या बाईच्या गालाला करंट! तू म्हणालीस, ‘जन्मभर लाइटबिलानं दिला तो काय कमी होता?’ आणि आपण पोट धरून हसलो.

पहिल्या दिवशी तू सवयीनं आधी तोंडाला खोबरेल चोपडलंस आणि मग मशीन फिरवत बसलीस. काही केल्या काही जाणवेना. ‘बंदच आहे मेलं!’ मग केतकीनं फोनवर आपल्या दोघींची शाळा घेतली. तेल लावायचं नाही, तेलावरून करंट आत जात नाही. आधी फेसवॉशनं चेहरा स्वच्छ, तो ओलसर असतानाच ते पाण्यासारखं सीरम, त्यावर जेलचा चांगला जाड थर, आणि मग मशीन, हनुवटीकडून कानाकडे, नेहमी वरच्या दिशेनं. जेल वाळू द्यायचं नाही, वाळलं की चिमटे बसतात. सगळं पुसून झालं की शेवटी क्रीम. तू दहावीच्या मुलीसारखी मान डोलवत होतीस. ती सूज कसली आहे ते तेव्हा आपल्याला कुठे माहीत होतं?

की तुला माहीत होतं? हे मी आता विचारते आहे. तुझे बाबा असेच सुजलेल्या डोळ्यांनी उठायचे आणि नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांत भिंतीला धरून चालायचे, हे तू मला रिपोर्ट आल्यावर सांगितलंस. त्याआधी कधीच नाही. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठीच गाठी, असं त्या रिपोर्टात होतं. डॉक्टर सरळ बोलले, ‘हा आजार घरात उतरतो. मुलगी आहे ना तुम्हाला? तिची एक साधी सोनोग्राफी करून घ्या. काही निघालं तर बीपी सांभाळून पुष्कळ वर्षं पुढे ढकलता येतं.’ आणि तू काय म्हणालीस? ‘डॉक्टर, ती कॅनडात असते.’ जणू या आजाराला व्हिसा लागतो!

घरी येऊन तू माझा हात धरलास. ‘केतकीला कळता कामा नये, शैला. कळलं तर पहिल्या विमानानं येईल आणि माझी किडनी घ्या म्हणून टेबलावर आडवी होईल. आत्ता कुठे तिचं सुरू झालंय. नवराबायकोनं घर घेतलंय, निखिलची नोकरी नवी आहे. माझं काय, झालं की सगळं.’ मी म्हटलं, ‘आणि तिची तपासणी?’ तू म्हणालीस, ‘पुढच्या वर्षी येईल तेव्हा सांगू. घाई काय आहे?’ मी शब्द दिला. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, मी तरी काय करणार होते?

आणि मग सुरू झाले आपले रविवार. तिचा शनिवार रात्रीचा कॉल आपल्याकडे रविवारी सकाळी यायचा. तुझी सूज सगळ्यात जास्त असायची ती नेमकी सकाळीच. पापण्या अशा, की डोळ्यांच्या जागी दोन रेघा. मी चहा न घेता तुझ्याकडे यायची. तुला खिडकीपाशी त्या वेताच्या खुर्चीत बसवायची, उशी लावून. धू तोंड, लाव सीरम. जेल लावलं की तू दर वेळी किंचाळायचीस, ‘गारेगार आहे गं! आधी हातावर घे!’ मग मी ते तळहातावर घ्यायची, दुसरा तळहात त्यावर घासायची आणि कोमट झालं की तुझ्या गालांना लावायची. तेवढ्या वेळात तू डोळे मिटून अगदी गप्प बसायचीस. एरवी तुझी बडबड बंद होणं म्हणजे केवढी गोष्ट!

केतकीनं पाठवलेलं जेल संपलं तेव्हा तू बाल्कनीतली कोरफड कापून आणलीस. काटकसर हवी ना! ती दोन मिनिटांत वाळली आणि तुला असे चिमटे बसले की तू खुर्चीतून उडालीस. मग डायलिसिसच्या तिथल्या सिस्टरनं सुचवलं, सोनोग्राफीचं जेल चालतंय का बघा. मेडिकलमधून भली मोठी बाटली आणली, निळ्या रंगाची. ते चाललं. डॉक्टरांनाही मी विचारून घेतलं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, ‘वापरा की. फक्त चेहरा उचलून किडनी सुधारत नाही, एवढं लक्षात असू द्या.’

क्रीम मात्र तुला खरंच लागायचं. डायलिसिसनं तुझी कातडी इतकी कोरडी झाली होती की खाजवून खाजवून मानेवर ओरखडे उठायचे. ते मी जाडजूड क्रीमखाली झाकायची. वर थोडा रंगाचा हात, कारण तू पिवळी पडत चालली होतीस. आणि डायलिसिससाठी दंडावर शिरेची केलेली ती गाठ दिसू नये म्हणून स्वेटर! मे महिन्यात, कर्वेनगरात, स्वेटर! केतकीनं विचारलं तर तू म्हणालीस, ‘आत्ता शैलाकडून आले, तिनं एसी लावलाय, गारठले मी.’ माझ्याकडे एसी नाही गं बाई. अजूनही नाही.

‘आई, काय मस्त दिसतेस! मशीनचा गुण आला बघ!’ हे ती म्हणाली की तू माझ्याकडे चोरून बघायचीस. केवढी खूश व्हायचीस! फोन बंद झाला की मान उशीवर टाकायचीस आणि दुपारपर्यंत उठायची नाहीस. सूज पुन्हा चढायची. आपण पुढच्या रविवारी पुन्हा उतरवायचो.

मला राग याचा येतो, उज्जू, की मला ते आवडायला लागलं होतं. तुझा चेहरा माझ्या हातांना पाठ झाला होता. मला वाटायचं, अजून एक रविवार निघाला, म्हणजे तू बरीच आहेस.

मग तू गेलीस. डायलिसिस चालू असतानाच हृदय थांबलं. मी बाहेर बाकावर बसून तुझ्यासाठी आणलेल्या इडलीचा डबा सांभाळत होते. केतकीला फोनवर मी ‘अचानक हार्ट अटॅक’ एवढंच सांगितलं. खोटं नव्हतं ना ते? ती पोचेपर्यंत तुझ्या घरातल्या गोळ्या, फायली, निळी बाटली, सगळं माझ्या कपाटात आणून ठेवलं. तुला लांब बाह्यांचा ब्लाउज घातला. चेहऱ्याचं मात्र काही करता आलं नाही.

ती आली, तुझ्यावरचं कापड बाजूला केलं आणि बघतच राहिली. मग मला म्हणाली, ‘मावशी, ही आई वाटतच नाहीये.’ स्वतःच्या लेकीला तू ओळखू आली नाहीस! वैकुंठ स्मशानभूमीत पोचेपर्यंत तेच वाक्य माझ्या कानात होतं. नंतर हॉलमध्ये लावायला तिनं फोटो निवडला तो कुठला, सांग? शेवटच्या कॉलचा. फोनवर टिपलेला, मोठा करून फ्रेम केलेला. मी जेल लावून, चोळून, रंगवून बसवलेला चेहरा, स्वेटरसकट. त्याला चंदनाचा हार. येणारा-जाणारा म्हणायचा, ‘शेवटपर्यंत काय तेज होतं!’ आणि मी सरबताचे ग्लास फिरवत होते.

एवढं मी गिळलं असतं. खरंच सांगते, जन्मभर गिळलं असतं.

पण मंगळवारी सकाळी केतकी ते मशीन घेऊन माझ्याकडे आली. ‘मावशी, बघ ना तोंड कसं झालंय रडून रडून. आईला करायचीस तसं करून दे ना.’ मला नाही म्हणवेना. तिला खुर्चीत बसवलं. निळी बाटली काढली, जेल हातावर कोमट केलं, लावलं. डोळ्यांखाली बोट टेकवलं आणि मला ती सूज ओळखीची वाटली. म्हटलं, वेडे, पोरगी महिनाभर रडते आहे, दुसरं काय असणार? तेवढ्यात तीच बोलली, ‘सकाळी तर रोज असंच असतं गं माझं, तिकडेसुद्धा. म्हणून तर आईला मशीन घेतलं तेव्हा मी स्वतःलाही एक घेतलं.’

मी विचारलं, ‘बाकी तब्येत बरी आहे ना?’

‘बरीच म्हणायची. बीपीची गोळी सुरू केलीये तिकडच्या डॉक्टरांनी. म्हणाले, कामाचा ताण असेल.’

बत्तीस वर्षांच्या मुलीला बीपीची गोळी! माझा हात तिथेच थांबला. किती वेळ थांबला कोण जाणे. ‘मावशी, चिमटे बसतायत,’ ती म्हणाली. जेल वाळलं होतं.

मी मशीन खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. नीट जुळवून वगैरे नाही, जसं तोंडात येईल तसं. ती ऐकत होती. अर्ध्या चेहऱ्यावर जेलचा पापुद्रा, अर्धा कोरडा. मग म्हणाली, ‘म्हणजे मी दिलेल्या मशीननं तुम्ही मलाच फसवत होतात.’ मी हो म्हटलं.

आणि मग तिनं जे सांगितलं, त्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले आहे. ‘बीपीचं मी आईला सांगितलं होतं. दिवाळीच्या आसपास, कॉलवर. ती म्हणाली, मीठ कमी खा.’

मीठ कमी खा! उज्जू, त्या रविवारी मी कुठे होते? आत चहा ठेवायला गेले होते का? तू मला का नाही बोललीस? तुला कळलं होतं ना? बाबांचं पाहिलेलं, स्वतःचं भोगलेलं, तुला न कळायला काय झालं? तुझा तो हसरा चेहरा तसाच ठेवून तू लेकीला मीठ कमी खायला सांगितलंस? तिच्या किडन्या वाचवायला निघाली होतीस ना गं? त्या आधीच गेलेल्या असल्या तर कुणासाठी केलं हे सगळं? तिला तेव्हाच बोलावलं असतंस, तर किडनी घेण्याआधी त्यांनी तिची सोनोग्राफी केलीच असती. तिथेच कळलं असतं. दीड वर्ष गेलं आपलं. तिचं गेलं.

की घाबरलीस तू? मला तेवढंच वाटतं. बोललं की खरं होतं, म्हणून बोलली नाहीस. माझ्याशीसुद्धा. इतकी एकटी होतीस आणि मी रोज समोर होते. हे मला फार लागलंय.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तुझा फोटो तिनं स्वतः उतरवला, हार काढून देवघरापाशी ठेवला. भिंतीवर आता नुसता खिळा आहे. काल संध्याकाळी आली, दारातच उभी राहिली. ‘तुझ्याकडे आईचा खरा फोटो आहे? या दीड वर्षातला?’ एकच होता. डायलिसिसहून परतताना रिक्षात झोपलेली तू, तोंड उघडं, पापण्या सुजून मिटलेल्या. चिडवायला काढला होता मी. तिनं तो खूप वेळ बघितला. ‘असं असायचं होय तिचं तोंड,’ एवढंच म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून जी रडली, बाई गं! मग नाक पुसून म्हणाली, ‘सोमवारी सकाळी सोनोग्राफी आहे. येशील?’

येणार आहे. काय निघेल, देव जाणे. मला बरं काही वाटत नाही, तुझ्यापासून लपवून काय करू.

तुला मी एक शब्द दिला होता, तो मोडला. आता दुसरा देते, हा मोडणार नाही. रिपोर्टात जे असेल ते तिला जसंच्या तसं कळेल, आणि निखिललाही. त्या पोरीचा चेहरा मी कधी कुणासाठी तयार करून देणार नाही. सुजलेला असेल तर सुजलेला दिसेल. ते मशीन माझ्या माळ्यावर गेलंय.

फक्त सोमवारी आत गेल्यावर तिथल्या बाईंना सांगणार आहे, तेच निळं जेल आहे तुमचं, फार गार असतं, आधी जरा हातावर घ्या. त्यांना वेळ नसला तर म्हणेन, द्या इकडे, मी लावते तिच्या पोटाला.

तुझ्यावर रागावलेली, समोरच्या दारातली,
शैला