दोन बोल्टची खुर्ची

प्रिय ताई,

तर मग माझंच चुकलं, असं धरून चालू. फोन मीच अवेळी केला, नाव मीच नीट सांगितलं नाही, आणि तुझ्या ऑफिसातल्या त्या गोड आवाजाच्या मुलीने कोण बोलतंय म्हणून विचारल्यावर मीच नुसतं "भाऊ" म्हणालो. तिने विचारलं, कोणत्या संघटनेचे? आता यावर माणसाने काय बोलावं, तूच सांग. मी म्हणालो, आईच्या. तिला ती शिवी वाटली असावी, तिने फोन ठेवला. त्याआधी तुला मोठी खुर्ची मिळाली म्हणून मी कार्ड पाठवलं होतं, त्याचं उत्तर मात्र आलं. ‘आपण खेळावर दाखवलेल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.’ खाली तुझी सही. बोट ओलं करून पुसून पाहिली, हलली नाही. छापलेलीच होती.

आणि तक्रार कोणाची, तर तुझी. मावशी सांगत होती, की तू म्हणालीस, तो भिंगऱ्या कुठे एका जागी टिकत नाही आणि कधी चार ओळी कळवत नाही. टिकत नाही हे कबूल. पण कळवायचं कुणाला? आमच्या मुकादमाला भेटायला चिठ्ठी लागत नाही, तुला भेटायला लागते.

माझं काम काय ते तुला मावशीने सांगितलं नसेल, कारण तिलाही मी ‘बांधकामावर आहे’ एवढंच सांगतो. मी खुर्च्या बसवतो. स्टेडियममधल्या. एक स्टेडियम भरलं की दुसऱ्या गावाला, तिथलं भरलं की तिसऱ्या. म्हणजे माझी भिंगरी आता पगारी झाली आहे. सिमेंटच्या पायरीला ड्रिलने भोकं पाडायची, प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायची, चार बोल्ट आवळायचे आणि पाठीवर खडूने एक रेघ मारायची. रेघ म्हणजे खुर्ची तयार. मग मागून एक माणूस येतो, प्रत्येक खुर्चीवर धाडकन बसतो, उठतो, आणि माझ्या रेघेवर आडवी रेघ मारून फुली करतो. फुली म्हणजे पास. एवढंच काम. सकाळी सुरू केलं की दुपारपर्यंत मान वर होत नाही, आणि वर केली की समोर सगळीकडे खुर्च्याच खुर्च्या, आणि माणूस एक नाही. रिकाम्या स्टेडियममध्ये पान्हा खाली पडला, तर त्याचा आवाज पलीकडच्या स्टँडला जाऊन परत येतो. पहिले काही महिने मी मुद्दाम पाडायचो. कुणीतरी उत्तर दिल्यासारखं वाटायचं. जेवायला मी रोज वेगळ्या रांगेत बसतो. मॅच सुरू झाली की यातल्या एकाही खुर्चीवर मला बसता येणार नाही, तेव्हा आत्ताच बसून घ्यावं.

तो मागून येऊन बसणारा माणूस म्हणजे वजनकाका. खरं नाव सगळे विसरले, पगाराच्या दिवशीच तेवढं ऐकू येतं. चांगले धिप्पाड आहेत, आणि वजनासाठीच त्यांना ठेवलंय. ते म्हणायचे, आयुष्यभर बायको खाण्यावरून बोलली, शेवटी खाण्यानेच नोकरी दिली. नुसते बसून उठत नाहीत ते. खुर्चीवर बसले की त्या खुर्चीचं भविष्य सांगतात. इथे एक रडका बसणार, टीम जिंकली तरी रडणार. इथे एक जावई, सासऱ्याबरोबर आलेला, ओरडावंसं वाटतंय पण ओरडता येत नाही. इथे एक बाई, तिला खेळातलं काही कळत नाही, पण पोरगा खेळतोय. मी पुढच्या रांगेत वाकून बोल्ट आवळत असायचो आणि हसायचो. ताई, मी इथे हसलोय ते फक्त त्या माणसामुळे.

आमच्या खोलीत टीव्ही आहे. त्यावर तू दिसतेस. पहिल्यांदा दिसलीस तेव्हा मी घास तोंडात घेऊन तसाच थांबलो. केस कापलेस ते बरं केलंस, पण हात अजून तसाच, बोलताना टेबलावर आपटतेस. एकजण म्हणाला, बाई कडक आहे. मी म्हणालो, ती माझी बहीण. सगळे इतके हसले की मीही हसून घेतलं. फक्त वजनकाका हसले नाहीत. नंतर म्हणाले, तुझीच असणार, ती बोलत असताना तू टीव्हीला उलट उत्तरं देत होतास, परक्या बाईला कुणी अशी उत्तरं देत नाही.

मग त्यांना मी सगळं सांगितलं. शिंप्याच्या दुकानावरची तुझी ती खोली, खालून दिवसभर मशीनची घरघर, आणि तू भाडेकरूंना आलेल्या घरमालकांच्या नोटिसा वाचत बसलेली. काळा कोट एकच, तोही खालच्या शिंप्याने अर्ध्या किमतीत शिवलेला, म्हणून एक बाही किंचित आखूड. मी शाळा बुडवली की तू मला कोर्टाच्या भाषेत रागवायचीस, सदर इसम आज पुन्हा वर्गात आढळून आला नाही. आठवीनंतर सदर इसम कायमचाच आढळून आला नाही, ते जाऊ दे. पण तुझे अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं, तू भाजी चिरत ऐकायचीस आणि चुका काढायचीस. आज हे पत्र लिहू शकतोय ते त्यामुळेच, शाळेमुळे नाही.

आणि तो गुडघेवाला. कुबडी घेऊन जिना चढून आला होता आणि वर येऊन तुझ्याकडचं सगळं पाणी प्यायला. गुडघा गेल्यावर क्लबने करार मोडला, वर म्हणाले की हा बाहेर मित्रांबरोबर खेळताना पडला. तुला तेव्हा फुटबॉलमधलं काही म्हणता काही येत नव्हतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर मी काड्यापेट्या मांडल्या, बरणीचं झाकण गोलकीपर केलं, आणि तुला ऑफसाइड शिकवला. तू म्हणालीस, म्हणजे जो पुढे गेला त्यालाच शिक्षा, हा कायदा केला कोणी? त्यावर आपण दोघं किती भांडलो. शेवटी तू झाकण घेऊन पळालीस. पण कोर्टात उभी राहिलीस तेव्हा क्लबच्या कोचला घाम फुटला, आणि गुडघेवाल्याला त्याचे पैसे मिळाले. त्यानंतर आपल्या जिन्यावर उंच उंच पोरं रांग लावायला लागली. शिंपी म्हणायचा, यांच्या पँटी शिवायच्या तर दुप्पट कापड लागेल.

मग एक दिवस ज्याला तू हरवलंस तो क्लबचा मालकच जिना चढून आला. जिने मला हरवलं ती माझ्या बाजूला असलेली बरी, असं काहीतरी म्हणाला. तू आधी त्यांची वकील झालीस, मग क्लब तूच चालवायला लागलीस, आणि आता सगळी लीग. मला अभिमान वाटला नाही असं नाही. पण काचेच्या ऑफिसात काड्यापेट्या मांडायला फरशी नव्हती. तू मला क्लबात चिकटवणार होतीस, खेळाडूंचे बूट, किट बघायला. मी तणतणलो, बॅग भरली. तू म्हणालीस, जा, चार दिवसांत येशील. आपलं भांडण तेवढंच. बाकी सगळं मावशीने मधल्या मध्ये वाढवलं.

आता मुद्द्याचं. तुझ्यासमोर लांबण लावली की तू घड्याळ बघतेस, हे मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात तू टीव्हीवर सांगितलंस, की नव्या स्टेडियमवरचा उद्घाटनाचा सामना ठरल्या दिवशीच होणार, तारीख हलणार नाही. टेबलावर हात आपटलास. ते आमचंच स्टेडियम, ताई. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम आला आणि म्हणाला, बोल्ट कमी पडतायत, माल यायला वेळ आहे, वरच्या मजल्यावर दोन-दोन बोल्ट लावा आणि पुढे सरका, उरलेले नंतर मारू. पाहुण्यांच्या रांगेत मात्र चार. तू जिथे बसणार ती खुर्ची मी स्वतः बसवली, निळी आहे, गादीची, अंगावर हत्ती बसला तरी हलणार नाही. तू कुणाला दोन बोल्ट लाव म्हणाली नाहीस. तेवढं मला कळतं. तू फक्त तारीख सांगितलीस.

वरच्या मजल्याची पहिली रांग, कोपऱ्यातली खुर्ची. तिच्यापुढचा कठडा अजून लागायचा होता, ते काम दुसऱ्या टोळीचं. मी दोन बोल्ट आवळले, खडूची रेघ मारली, पुढे सरकलो. वजनकाका मागून आले, रेघ बघितली आणि धाडकन बसले. इथे कोण बसणार ते त्यांनी सांगायला सुरुवात केली होती. "इथे एक..." एवढंच ऐकू आलं. मी मागे वळलो तर खुर्ची नव्हती आणि काकाही नव्हते.

जिवंत आहेत. कंबर आणि पाठ, दोन्ही मोडली. डॉक्टर चालण्याबद्दल काही बोलतच नाहीत. मी रविवारी जातो, स्टुलावर बसतो. एकदा मी विचारलं, या स्टुलावर कोण बसणार, काका? ते भिंतीकडे बघत राहिले.

परवा साइटचे साहेब मला बाजूला घेऊन चहा पाजून म्हणाले, "तू फक्त एवढं सांग, की खुर्चीवर खडूची रेघ नव्हती." म्हणजे खुर्ची तयार नव्हती आणि काका आपल्याच चुकीने बसले. मग कंपनीवर काही नाही, माझ्यावर काही नाही, आणि काकांना दमडी नाही. वर हेही म्हणाले, रेघ होती असं म्हणालास, तर बोल्ट तू खाल्लेस असं आम्ही सांगू, मुकादम तसाच जबाब देईल. मोडकी खुर्ची त्यांनी उचलून नेली आहे, रेघ केव्हाच पुसली असेल. आता ती फक्त माझ्या सांगण्यात आहे. पुढच्या सोमवारी चौकशीचे अधिकारी येणार आहेत. साहेबांना मी अजून हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. खोलीतले सगळे आता माझ्याशी जपून बोलतात. टीव्हीवर तू आलीस की कुणीतरी उठून बंद करतं.

तुला आठवतं, हेडमास्तरांच्या खिडकीची काच फुटली आणि ते मला शाळेतून काढणार होते? मी तुझ्या खोलीवर आलो तेव्हा समोर मावशी बसली होती, भाड्याच्या भांडणासाठी. तू तिला म्हणत होतीस, "मावशी, आधी काहीतरी टेबलावर ठेव. फुकटात मी तुझी भाची, तुलाच ओरडणार. फी घेतली की तुझी वकील, मग बाकीच्यांना." ते ऐकून मी खिशातली पाचची नोट टेबलावर ठेवली. तू हसली नाहीस. नोट घेतलीस, घडी करून डायरीत ठेवलीस आणि विचारलंस, बॉल तू मारलास का? मी म्हणालो, हो. तू म्हणालीस, मग ते आधी सांगायचं, बाकीचं मी बघते. आणि तो आखूड बाहीचा कोट घालून शाळेत आलीस. आधी माझ्याकडून कबूल करवलंस, आणि मग हेडमास्तरांना विचारलंस, गोलचे खांब खिडकीकडे तोंड करून रोवले कोणी?

म्हणून पाकिटावर तुझं मोठं पद लिहिलेलं नाही, ‘वकील ताई’ एवढंच लिहिलंय. त्या मुलीने उघडलं तर उघडू दे. मी सोमवारी रेघ होती असंच सांगणार आहे. पण एकट्याने सांगायची भीती वाटते, ताई, हे तुझ्याशिवाय कुणाला म्हणू? आणि हेही आधीच सांगतो, ते लोक तारखेचं विचारणार. तुझं नाव निघणार. काकांच्या बाजूने उभी राहिलीस, तर त्या निळ्या खुर्चीवर तुला बसता येईल की नाही, मला सांगता येत नाही. ते लपवून तुला वकील करायचं नव्हतं. यायचं नसेल तर फी परत पाठव, मी समजून घेईन, मावशीलाही काही बोलणार नाही. बोल्ट मीच लावले. दोनच लावले. रेघही मीच मारली. आधी सांगितलं. बाकीचं तू बघ.

तुझाच,
सदर इसम, भिंगऱ्या

सोबत : पाचची एक नोट. हल्ली मिळत नाहीत, कँटीनवाल्याकडून बदलून घेतली.