आप्पांनी घोटलेला वाडगा

रविवार, संध्याकाळ

आज गच्चीवर मातीचा वाडगा घोटत बसले होते. अर्धवट वाळलेल्या मातीवर गुळगुळीत खडा फिरवत राहिलं की आतून उजेड आल्यासारखी चमक येते. पण माझी चमक नेहमी पट्ट्यापट्ट्यांची. का, कोण जाणे.

आप्पा शेजारी खुर्चीत होते. माझे वडील तीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत वाळूचे साचे करायचे. अर्धांगवायू झाल्यापासून उजवा हात मांडीवर पडून असतो, बोलणंही व्हय-न्हाय एवढंच. आज एकदम म्हणाले, "एवढी दाबतीस कशाला? आन इकडं."

वाडगा त्यांच्या मांडीवर दिला. उजवा हात त्याला कसाबसा टेकवला आणि डाव्या हातानं खडा फिरवायला लागले. हलका, गोल गोल. ऊन उतरत होतं आणि चमक पसरत होती, दुधावर साय धरावी तशी. मी जागेपणीच स्वप्नात असल्यासारखी बघत राहिले. किती वेळ गेला?

मग काठाला खळगा दिसला. अंगठ्याचा. मला आधी वाईटच वाटलं, एवढी सुंदर चमक आणि मध्येच हा खळगा! आणि मग लक्षात आलं, अंगठा उजवा आहे. ज्या हाताला सहा महिने डॉक्टर "दाबा, दाबा" म्हणतायत आणि जो कधीच दाबत नव्हता, त्याचा.

"आप्पा, हे बघा. तुमचा अंगठा रुतलाय."

त्यांनी खळग्याकडं बघितलं, मग हाताकडं. "माझा?"

"व्हय की!"

 मग वाडगा बाजूला सारून म्हणाले, "दुसरा आन."