व्याह्यांबरोबर शिकारीला

तीर्थस्वरूप अनिलदादांस धाकट्या मोरेश्वराचा नेपरव्हिलहून शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे अमेरिकेत सगळे ठणठणीत. तुमचा गुडघा आणि वहिनींचं बीपी कसं आहे? (फोनवरच विचारलं असतं, पण मागच्या वेळी तुम्ही फोन आपटलात.) ‘पाखरं मारणाऱ्याला मी उराशी धरणार नाही, व्याहीभेट तुझी तू उरक,’ हे तुमचं वाक्य तेव्हापासून कानात आहे. अण्णांच्या मागे घरातले वडीलधारे तुम्हीच. माझ्या कादंबरीच्या लग्नात तुमच्याशिवाय व्याहीभेट मला करवणार नाही. म्हणून मुलाचे वडील डेल यांची पारख करायला परवा मी स्वतःच त्यांच्याबरोबर शिकारीला गेलो. दादा, काय दिवस होता म्हणून सांगू!

जागा म्हणजे सरकारी राखीव गवताळ रान. फेझंट म्हणजे आपल्या कोंबड्याचा लांब शेपटीचा, नटवा चुलतभाऊ. सरकारच तो फार्मवरून आणून सकाळी गवतात सोडतं आणि मग नऊ वाजता माणसांना त्याच्या मागे सोडतं. माणशी दोनच पाखरं, नेमून दिलेलं शेत, पाठीवर नंबराचा बिल्ला. इतकी शिस्त मी आपल्याकडे पंगतीतसुद्धा पाहिली नाही. मी रीतसर ऑनलाइन कोर्स केला (शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, दोन मार्क का कापले, ते विचारणारी ईमेल पाठवली आहे) आणि लायसन्स काढलं. डोक्यावर भडक केशरी काहीतरी हवंच, असा नियम. डेलनी माझ्यासाठी टोपी आणली होती, पण व्याह्यांनी मानानं बोलावलंय आणि आपण टोपी घालून जायचं? मी लग्नासाठी मागवलेला केशरी फेटा बांधला. (सौ. नीलांबरीने दारातच कपाळाला हात लावला.) फाटकावरच्या अधिकारी बाईंनी माझ्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, ‘वेल, इट इज ऑरेंज,’ म्हणाल्या आणि आत सोडलं.

शंभर पावलं गेलो नाही तोच फेट्याचा शेमला काटेरी झुडपात अडकला. मी पुढे, फेटा मागे. सुटलेलं टोक डेलच्या बिस्किट नावाच्या कुत्रीने तोंडात धरलं आणि ती उधळली. एवढ्यात पायाजवळून फडफडाट करत पहिलं पाखरू उडालं, आणि मी ‘अगं आई गं!’ म्हणत मटकन खाली बसलो. डेलनी काय करावं? पाखराकडे पाहिलंसुद्धा नाही. बंदूक रिकामी करून बाजूला ठेवली, आणि हा सहा फुटी माणूस गवतात गुडघे टेकून माझा आठ मीटर फेटा गोळा करत बसला. एकेक काटा हाताने सोडवला. वर मलाच धीर देतात, ‘डोन्ट वरी मोर, वेडिंगच्या आधी आपण हा फाटू देणार नाही,’ अशा अर्थाचं काहीतरी. (मोर म्हणजे मी. मोरेश्वर त्यांना झेपत नाही.) मला तिथेच भडभडून आलं. आपली पोरगी चांगल्या घरात पडते आहे, हे मला त्या काट्यांत कळलं.

शपथेवर सांगतो, दिवसभरात डेलनी एकही बार काढला नाही. अशा माणसाला उराशी धरायला तुमची काय हरकत? तिकिटं काढा. वहिनींना नमस्कार, नकुलला आशीर्वाद.

तुमचा,
मोरेश्वर

ता. क. व्याहीभेटीचा एक व्हिडिओ बघून डेल रोज मुलाबरोबर सराव करताहेत. नारळ आधी द्यायचा की आधी मिठी मारायची, ते तुम्हीच कळवा. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही.

पुन्हा ता. क. हे वहिनींना वाचून दाखवू नका. दुसरं पाखरू उडालं तेव्हा बंदूक माझ्या हातात होती. कोर्समध्ये शिकवलं तसं सगळं आपोआप झालं आणि ते पडलं. डेल आनंदाने नाचले. मीही नाचलो, दादा, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? तुमची अट आता मलाच लागू होते, हे घरी आल्यावर लक्षात आलं. तेव्हा मांडवात डेलना कडकडून भेटा. मला लांबूनच हात केलात तरी चालेल, पण या.